वारा सरला का?

मागच्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना गोळी लागली... खरीखुरी, बंदुकीची, पोटात. सिनेमातला हिरो खांद्याला रुमाल बांधून पुढच्या दहा जणांना लोळवतो, तसं काही नसतं हे आता मला नीट कळलंय.

आप्पा बारवी धरणाच्या अंगाला, आमच्या पाड्यावर राहतात. आम्ही खरवईत. त्या संध्याकाळी ते चुकलेली म्हैस शोधायला रानात गेले, आणि डुकराच्या शिकारीला आलेल्या कुणीतरी झाडी हलली म्हणून ठासणीची बंदूक झाडली. कोणी, ते पोलीस बघतायत... माझ्या तोंडून शिव्या येतील म्हणून तो विषय इथेच सोडते.

उल्हासनगरच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा आप्पांच्या धोतराचा रंग ओळखू येत नव्हता. सर्जननी लगेच आत घेतलं. पोट उभं उघडलं, आतड्याला भोकं पडली होती तेवढा तुकडा काढला आणि दोन टोकं शिवून जोडली. आत सापडलेलं शिसं बाटलीत सील करून पोलिसांकडे गेलं.

सर्जन सिंधी, मोठा गोड माणूस, आवाज मात्र मार्केटमधला. बाहेर येऊन म्हणाले, "लिव्हर बच गया, नशीब समजा. आता सगळं त्या जोडावर आहे. जोड टिकला तर काका टिकले."

नाकात नळी, पोटात नळी, आणि तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. आप्पा कोरड्या ओठांवरून जीभ फिरवायचे, मी ओला कापूस लावायचे. सासूबाई आता नाहीत, नवऱ्याची अंबरनाथच्या कंपनीत दिवसपाळी... त्यामुळे दिवसभर मी आणि आप्पा.

आता आमचं नातं सांगते. आप्पा जुन्या वळणाचे. घरात शिरण्याआधी अंगणात खाकरणार, म्हणजे सुनेने पदर सावरावा. मी ड्रेस घालते, सावरायला पदरच नसतो, तरी खाकरणार. माझ्याशी थेट बोलणं तर नाहीच... "तिला म्हणावं, चहा टाक," असं मी समोर बसलेली असताना भिंतीला सांगणार.

तर डॉक्टर रोज सकाळी राउंडला यायचे आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारायचे, "क्या काका, हवा पास हुई? वारा सरला का?" आप्पा छताकडे बघत मान हलवायचे... नाही.

पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. मग सिस्टरने समजावलं की ऑपरेशननंतर आतडं झोपलेलं असतं. वारा सरला की समजायचं, ते जागं झालं आणि जोडातून रस्ता मोकळा आहे. तोवर पाणी नाही. त्यानंतर मला हसू आलं नाही.

दिवस जात होते आणि आप्पांची मान काही "हो" म्हणत नव्हती. पोट जरा फुगल्यासारखंच होतं. एका सकाळी डॉक्टरांनी मला वॉर्डबाहेर बोलावलं. "उद्या सीटी करू. जोड अडकला असेल तर पेट फिर से खोलना पडेगा. और इस उमर में..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

मी तिथे दारातच नवऱ्याला फोन लावला. हळू बोलायचं भान राहिलं नाही. "आप्पांचं पोट परत फाडायला लागेल म्हणतायत," एवढं कसंबसं सांगितलं आणि ओढणी तोंडात धरून रडायलाच लागले.

आतून खाकरल्याचा आवाज आला.

मी आत गेले. आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "सूनबाय, रडू नको," ते म्हणाले... मला, थेट मला. "त्या डाक्टरला सांग, झालाय. काल सकालपासून होतोय."

मी विचारलं, "मग आप्पा, सांगितलं का नाही?"

"तू हितंच उभी असतेस ना. सुनेसमोर कसा सांगू?" मग म्हणाले, "मला काय ठाव, त्याच्यावरनं पोट फाडतात ते."

अहो, खरंच... रोज सगळ्यांनी विचारलं, पण का विचारतोय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, डॉक्टर उगाच चारचौघांत थट्टा करतात. माणूस पाण्यासाठी तडफडत होता, पण सुनेपुढे मर्यादा सोडायला तयार नव्हता. मला राग यावा की भरून यावं तेच कळेना... मग भरूनच आलं.

डॉक्टर धावत आले. बराच वेळ पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग आप्पांच्या कानाशी वाकून काहीतरी विचारलं. इतक्या हळू त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच बघितलं. आप्पांनी मान हलवली... हो. "सीटी आत्ता नको," डॉक्टर मला म्हणाले. "शामको थोडं पाणी देऊन बघू, चमच्याने."

संध्याकाळी मी पहिला चमचा त्यांच्या ओठाला लावला. ते पाणी त्यांनी लगेच गिळलं नाही, डोळे मिटून तोंडात धरून ठेवलं. आणि दुसऱ्या चमच्याला... झालं. चांगलं मोठ्याने. शेजारच्या दोन बेडना तरी ऐकू गेलं असणार.

आप्पांचा चेहरा एवढासा झाला. मी चमचा तसाच धरून म्हटलं, "देव पावला, आप्पा." आणि आप्पा हसायलाच लागले... टाके दुखतात म्हणून पोटाला हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदाच.

परवा डिस्चार्ज मिळाला. सध्या आमच्याकडेच आहेत, पेज पितात आणि त्यात मीठ कमी आहे हे मलाच सांगतात. लोक देवाकडे काय काय मागतात... मी त्या वॉर्डात हात जोडून सासऱ्यांचा वारा सरू दे म्हणून मागत होते. देवाने तो तर दिलाच... वर माझ्याशी बोलणारे सासरेही दिले.