युगादी चुकवून घेतलेली बढती

फत्तेसिंगरावांना आपल्या साडूचं काहीही पचत नसे. श्रीहरीनं स्कूटर घेतली तेव्हा तिचा आवाज त्यांना खराब वाटला. घर बांधलं तेव्हा जे. पी. नगरला नळाला पाणी येत नाही, ही बातमी त्यांनीच सगळ्या नात्यागोत्यात पोचवली. माणूस वाईट नव्हता. कुणाचं वाईट चिंतावं, असं त्यांच्या मनात कधी येत नसे. फक्त श्रीहरीचं चांगलं झालं की त्यांच्या पोटात दुखे, आणि श्रीहरीचं नेहमी चांगलंच होई.

पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर घोड्यावरून बेंगळूरला आले होते. फत्तेसिंगराव रोज दोन बस बदलून बसवनगुडीहून यशवंतपूरला जात. तिथल्या स्प्रिंगांच्या कारखान्यात ते बावीस वर्षं यंत्रावर होते. श्रीहरी मोठ्या सरकारी कंपनीच्या ऑफिसात होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, पद्मावती थोरली आणि अंबुबाई धाकटी, त्यामुळे तुलना टाळायची म्हटली तरी टळत नसे.

पंच्याण्णव सालच्या संक्रांतीनंतर पद्मावतीच्या पित्ताशयात खडे निघाले. चौथ्या दिवशी ऑपरेशनही झालं. कंपनीचं कार्ड दाखवलं की खासगी हॉस्पिटल दार उघडी, बिल परस्पर कंपनीकडं जाई. फत्तेसिंगराव भेटायला गेले तर खोलीला पडदे, कोपऱ्यात टीव्ही, आणि नर्स विचारतेय, "सर, तुम्हाला कॉफी?"

"रोज चादर बदलतात," पद्मावती झोपल्या झोपल्या म्हणाली. "मला तर घरी जाऊच नये वाटतंय."

"राहा की मग, अक्का," फत्तेसिंगराव हसून म्हणाले. त्यांनी कॉफी घेतली नाही. घरी येईपर्यंत त्यांना तीच कॉफी आठवत राहिली.

कारण अंबुबाईसुद्धा आजारी होती, आणि तिचं दुखणं खड्यांचं नव्हतं. हृदयाची एक झडप आवळत चालली होती. जिना चढताना ती मध्येच थांबे आणि थांबल्याचं लपवायला पदर सारखा करी. पाच वर्षांपूर्वी हे पहिल्यांदा ओळखलं होतं ते कामगार विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर क्षमा यांनी. आता त्यांनी चिठ्ठी देऊन तिला सरकारी हृदयरुग्णालयात पाठवलं. मांडीच्या शिरेतून नळी घालायची आणि फुग्यानं झडप उघडायची, असं ठरलं. खर्च सगळा विम्याचा. पण नंबर लागला पुढल्या फेब्रुवारीतला. "गोळ्यांवर तोवर थांबता येईल," डॉक्टर म्हणाल्या, "पण पुढचा उन्हाळा ओलांडायचा नाही."

थोरलीला चार दिवस आणि धाकटीला अकरा महिने! फत्तेसिंगरावांना रात्रंदिवस हाच एक हिशेब सुचे. दवाखान्याची ती रांग, ते लाकडी बाक, घरून न्यायची औषधाची बाटली, सगळ्याचीच त्यांना लाज वाटू लागली. अंबुबाईला मात्र ती रांग आवडे. तिथं कपड्यांच्या कारखान्यातली यल्लव्वा तिची जागा धरून ठेवी आणि दोघी मिळून साऱ्या यशवंतपूरच्या सुनांचा निकाल लावत.

मार्चमध्ये कारखान्याचे धाकटे मालक यशोवर्धन यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. सुपरवायझरची जागा रिकामी झाली होती. पगार चौतीसशे.

"अण्णा, तीन हजारांच्या वर पगार गेला की कामगार विमा सुटतो," यशोवर्धन म्हणाले. "पण ऑफिसच्या लोकांना मी मेडिक्लेम काढून देतो. तुम्हालाही देईन."

"म्हणजे खासगी हॉस्पिटल चालेल?"

"चालेल. आधी पैसे आपण भरायचे, मग विमा कंपनी परत देते."

पुढचं काही फत्तेसिंगरावांनी ऐकलंच नाही. पडदे, टीव्ही, कॉफी. त्याच हॉस्पिटलात, जमलं तर त्याच खोलीत अंबूला ठेवायचं आणि श्रीहरीला सहज म्हणायचं, "या की बघायला." त्यांनी स्वतःच पंचांग काढलं. शनिवारी, एक एप्रिलला युगादी, म्हणजे पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. "बढती त्याच तारखेपासून लिहा," त्यांनी सांगितलं. घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. फक्त साडूच्या घरी फोन करून युगादीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. पुरणाची होळगी वाढून झाली की जाहीर करायचं, असा बेत.

एकतीस मार्चला अर्धी रजा टाकून ते गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. खिडकीत बसणारे भीमाचार्य निवृत्तीला टेकलेले कारकून. कामगारांची कार्डं त्यांना तोंडपाठ.

"आचार्य, हे शेवटचं," फत्तेसिंगराव जरा मोठ्यानंच म्हणाले, मागच्या रांगेला ऐकू जावं म्हणून. "उद्यापासून मी सुपरवायझर. आता मेडिक्लेम."

"संतोष झाला!" आचार्यांनी चष्मा वर केला. "उद्यापासून? कागदावर एक तारीख आहे?"

"युगादी आहे ना."

"आणि अंबुबाईंचा नंबर?"

"सोडून देणार तो. खासगीत करणार. पॉलिसी आहे."

"पॉलिसीच्या अर्जात जुना आजार विचारतात. तुम्ही काय लिहिलं?"

अर्ज अजून भरायचाच होता.

"पॉलिसी काढायच्या आधीचा आजार ते धरत नाहीत, हो. आणि त्यांचं हृदय आमच्या कागदांवर पाच वर्षं आहे. लपवाल कुठं?" आचार्यांनी आवाज खाली आणला. "स्वल्प, जरा आत या."

आत त्यांनी बोटांवर मोजून समजावलं. विम्याचं वर्ष सहा-सहा महिन्यांनी चालतं. एक एप्रिल ते सप्टेंबरअखेर हा वर्गणीचा एक काळ. हा काळ सुरू व्हायच्या दिवशीच पगार तीन हजारांवर असेल तर माणूस बाहेर. मग मागच्या वर्गणीवर डिसेंबरअखेरपर्यंतच काय ते उपचार. पण काळ सुरू झाल्यावर पगार वाढला, एका दिवसानंतर का होईना, तर सप्टेंबरपर्यंत माणूस आतच राहतो, वर्गणी कापली जाते, आणि तिचा लाभ पुढच्या जूनपर्यंत.

"डिसेंबर," फत्तेसिंगराव पुटपुटले. नंबर फेब्रुवारीचा होता.

"तुम्ही निवडून निवडून नेमका तोच दिवस काढलात बघा."

"बावीस वर्षं कापून घेतायत, आचार्य! महिन्याला चाळीस-चाळीस रुपये. मी एक दिवस आजारी पडलो नाही. सगळं दुसऱ्यांनी खाल्लं."

"खाल्लंच. ती यल्लव्वा खाते तुमचं. आता तुमच्या घरात आजार आला, तर चाळीस रुपयांत झडप उघडते का? तुमच्या मालकाचे आणि हजारो धडधाकट लोकांचे मिळून उघडते. त्यांच्याही पोटात दुखतच असेल." आचार्य हसले. "जा, चार वाजायच्या आत मालकांना गाठा."

बसमध्ये फत्तेसिंगराव उभेच होते. बसायला जागा मिळाली तरी बसले नाहीत. तारीख बदलली तर उद्या जेवणाच्या पानावर 'आजपासून मी सुपरवायझर' असं सांगता येणार नव्हतं. न बदलली तर अंबू. इतका सोपा सवाल होता, आणि तरी राजाजीनगर येईपर्यंत त्यांचं मन श्रीहरीच्याच तोंडाकडं पाहत होतं, याची त्यांना पुढं आयुष्यभर शरम वाटली.

"अण्णा, पंचांग तुम्हीच आणलं होतं," यशोवर्धन म्हणाले.

"सोमवार करा. तीन तारीख."

"सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. आपली पाळी आठला सुरू होते."

"असू दे राहुकाळ."

"शिवाय सहा महिने मला तुमची विम्याची वर्गणीही भरावी लागेल आणि पॉलिसीचा हप्ताही."

फत्तेसिंगरावांनी टेबलाच्या कडेकडं पाहिलं. ऑफिसच्या लोकांकडं असतं तसं पॉलिसीचं चकचकीत पाकीट, शर्टाच्या खिशातून अर्धं दिसेल असं ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं.

"पॉलिसी यंदा नको," ते म्हणाले. पत्र पुन्हा टाइप झालं.

युगादीला कडुलिंब आणि गूळ खाऊन झाला. पद्मावतीनं येताना मोठी मिठाईची पेटी आणली होती. होळगीवर तूप वाढताना अंबुबाईला धाप लागली. श्रीहरीनं पाहिलं.

"फत्तेसिंगराव, हे फेब्रुवारीपर्यंत कशाला ताणताय? आमच्या हॉस्पिटलात दाखवा. ओळख आहे माझी."

"कार्ड तुमचं चालेल का आम्हाला?"

"ते नाही चालणार, पण..."

"मग ओळखीनं काय, कॉफी मिळेल," फत्तेसिंगराव म्हणाले. पद्मावतीचा घास हातात राहिला.

"अहो!" अंबुबाई दटावून म्हणाली. मग बहिणीकडं वळून, "अक्का, माझं सरकारीतच होणार. तिथं डॉक्टर रोज असलीच कामं करतात. तू काळजी करू नकोस."

बढतीचं त्या दिवशी निघालंच नाही. सोमवारी भर राहुकाळात ते सुपरवायझर झाले आणि मंगळवारी अंबुबाईनं ते शेजारणीकडून ऐकलं. तिनं जाब विचारला नाही. पहिल्या वाढीव पगाराच्या दिवशी तिनं त्यांच्या आवडीचं चिंचेचं हुळीसार भातावर वाढलं, एवढंच.

फेब्रुवारीत नंबर आला. जनरल वॉर्ड, वीस खाटा, प्रत्येक खाटेशी एक नातेवाईक जमिनीवर. झडप उघडायला तासभरही लागला नाही. तिसऱ्या दिवशी श्रीहरी आणि पद्मावती संत्री घेऊन आले. पद्मावती पदर आवरून स्टुलाच्या कडेवर टेकली.

"बिल किती झालं?" श्रीहरीनं विचारलं.

"नाही झालं."

"म्हणजे नंतर पाठवणार?"

"नाहीच होत. विम्याचं आहे."

"औषधं? तो फुगा? तो तर बाहेरून मागवतात."

"सगळं."

श्रीहरीनं वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आमच्याकडं हृदयाला आता मर्यादा घातलीय," तो सावकाश म्हणाला. "वरचे पैसे आपले. मलाही गेल्या महिन्यात छातीचा फोटो काढायला सांगितलाय." आणि पुन्हा, जणू नीट ऐकू आलं नव्हतं, "काहीच नाही?"

ती नजर फत्तेसिंगरावांनी ओळखली. इतकी वर्षं आरशात दाढी करताना तीच पाहिलेली. क्षणभर त्यांना फार बरं वाटलं. मग छातीच्या फोटोचं काय निघालं ते विचारायला हवं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर पाहुणे जिन्यात पोचले होते.

ते खिडकीशी गेले. खाली झाडाखाली एक पांढरी मारुती उभी होती, नंबरप्लेटवर हार वाळलेला. श्रीहरीनं किल्ली काढली आणि तिचंच दार उघडलं. एक शब्द बोलला नव्हता! पांढरा रंग लवकर मळतो, फत्तेसिंगरावांनी स्वतःला सांगितलं.

"बघून झालं असेल तर हा पेला घ्या," मागून अंबुबाई म्हणाली.

त्यांनी वळून पेला घेतला. तो रिकामा होता. अख्खा पेलाभर दूध तिनं एका दमात, मध्ये न थांबता प्यायलं होतं, आणि आता ती उशीला टेकून शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या सुनेचं नाव विचारत होती.