उंदरांची बाळंतपणं करणारी आत्या

"तिला नको, आत्याकडं दे फोन."

दादा पुण्याहून आईशी बोलत होता. आईचे हात पिठात होते, म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावलेला. मी दारात उभी आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. उंदरीण व्याली का, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि महिन्यापूर्वीपर्यंत हा प्रश्न तो मला विचारायचा.

दादाने कॉलेजात असताना एक आफ्रिकन अजगर पाळला होता. अडीच हात लांब, कॉफीच्या रंगाचा, म्हणून नावही कॉफी. नोकरीच्या गावी घरमालकाने साप म्हटल्यावर हातच जोडले. मग कॉफी लातूरला आमच्या घरी राहिला, माझ्या हवाली. त्याला दहा-बारा दिवसांनी एक उंदीर लागे. गावात तसे उंदीर विकत मिळत नव्हते. दादाच्या मित्राने नांदेडहून एक पांढरा नर आणि दोन माद्या शेवेच्या डब्याला भोकं पाडून एसटीने आणून दिल्या. मागच्या गॅलरीत मी त्यांची पैदास करायची असं ठरलं. तेव्हापासून दादाचा फोन रोज संध्याकाळी माझ्यासाठी येऊ लागला. घरात मी फार बोलत नसे. इंग्रजी शाळेमुळे माझ्या मराठीला सगळे हसत. पण उंदरांबद्दल मी दादाशी पंधरा-पंधरा मिनिटं बोलायची.

अडचण एकच होती. माझ्याकडे पिलं जगत नव्हती, कॉफीसाठी उंदीर नांदेडहूनच मागवावे लागत. मी इंटरनेटवर वाचून रोज उंदरांची पेटी उघडायची, एकेक गुलाबी पिलू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची, वहीत वजन लिहायची. दोन वेळा सकाळी उठून पाहिलं तर पेटीत फक्त उंदरीण होती, पिलं तिनेच खाल्लेली.

मग आत्या आली. लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते वर्ष. जळकोटकडच्या तिच्या गावात विहिरी आटल्या, जनावरं चारा छावणीत गेली, तेव्हा बाबा जाऊन तिला घेऊन आले. ती बाबांची थोरली बहीण. अंगाने बारीक, आवाजाने मोठी. पेपरात उदगीर जिल्हा होणार अशी बातमी आली की बाबा ती तिला वाचून दाखवायचे, कारण तिचं गाव त्यात जाणार होतं. ती म्हणायची, "होऊ द्या की. साहेब नवा येईल. आड कोण भरणार हाय?"

कॉफीला तिने पहिल्या दिवशी लांबूनच पाहिलं आणि त्याचं नाव पाव्हणं ठेवलं. "पाव्हणं जेवलं का?" हा तिचा रोजचा प्रश्न. उंदरांकडे मात्र ती चार दिवस गेली नाही. नंतर एकदा गॅलरीच्या उंबऱ्याशी थांबून मला म्हणाली, "मी आत आले तर चालंल का गं?" मला वाटलं, तिला किळस येत असेल. मी म्हटलं, "चालेल की."

माझी वही तिने उलटी धरून पाहिली आणि परत दिली. "बाळंतिणीच्या खोलीत रोज कोण जातंय? उठून बघा, उचलून बघा. म्या आसते तर म्या बी खाल्ली आसती." तिने आपलं एक जुनं लुगडं फाडून पेटीवर पडदा बांधला. धा दिवस कुणी उचलायचा नाही. पेटीशेजारी मिक्सर लावायचा नाही. फटीतून भिजवलेली ज्वारी आणि शेंगदाणे सारायचे. पाण्याचं तर तिने घरात भांडणच मांडलं. टँकरच्या पाण्यावर आम्ही चार माणसं कशीबशी भागवत होतो, आणि ही उंदरिणीची वाटी दिवसातून तीनदा भरायची. आई कुरकुरली तेव्हा म्हणाली, "माझ्या आंघुळीतलं धर. अंगावर पाजती हाय ती, तिला आधी."

अकराव्या दिवशी पडदा काढला. नऊ पिलं, अंगावर पांढरी लव आलेली. दादा फोनवर इतका हसला की आत्याने फोन कानापासून लांब धरला. त्या दिवसापासून त्याचे फोन तिला येऊ लागले.

पिलं मोठी झाली की पुढचं काम माझं. ती त्या वेळी गच्चीवर जाऊन बसायची. "पोसायचं माझ्याकडं, पाठवायचं तुझ्याकडं," एवढंच म्हणायची. म्हणजे जीव लावायचं काम तिच्या वाट्याला आणि मारायचं माझ्या, असं मी मनात म्हणायची. तिचे हात खरबरीत होते, तरी उंदीर तिच्या बाहीत शिरून झोपायचे. मला ते चावायचे. सहा महिने मी केलं त्याचं कुणाला काही नव्हतं. ही काल आली आणि घरभर आत्या, आत्या.

आईने मला एकदा सांगितलं होतं की आत्याची दोन बाळं पाचवीच्या आत गेली. त्यानंतर गावात कुणाचं बाळंतपण असलं, की ती आपणहून बाहेरच थांबायची. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

फोनवरचं ते वाक्य कानावर पडलं, तेव्हा दुसरी मादी व्याली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या टँकरच्या रांगेत होती. मी पडदा उचलला. मला फोटो काढायचा होता. संध्याकाळी फोन आला की तिच्या आधी मीच दादाला सांगणार होते, अकरा आहेत म्हणून. पिलं एकमेकांखाली दडली होती, नीट दिसेनात, म्हणून हाताने बाजूला केली. फोटो चांगला आला. पडदा होता तसा बांधला.

दुपारी आत्याने पाण्याची वाटी सारायला फटीतून पाहिलं आणि ती तिथंच खाली बसली. मी जवळ गेले. भुशावर रक्ताचे दोन-तीन ठिपके होते, पिलू एकही नव्हतं.

"काय बघलालीस?" ती हळू म्हणाली. "मला ठावं होतं. सावली पडाय नको होती माझी."

मी आत गेले. फोटो पुसून टाकला.

त्यानंतर ती गॅलरीत गेली नाही. दादाला म्हणाली, "माझ्या हाताला यश न्हाई रे बाबा, तिलाच इचारत जा." दादा पुन्हा मला फोन करू लागला. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. आठवड्याभरात आत्या गावी परत गेली. तिकडे पाणी आलेलं नव्हतं. बाबांनी खूप समजावलं, तिने ऐकलं नाही.

पुढे मी आत्याच्याच रीतीने पडदा बांधला आणि माझी पिलं जगली. दादाने मोठं घर घेतलं तेव्हा कॉफीलाही नेलं. या सगळ्या काळात आत्या सणासुदीला यायची, जायची. मी तिच्या पाया पडायची. बोलायचं राहून जायचं.

दादाचं लग्न झालं. वहिनीला आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. बारशाला आत्या सकाळच्या गाडीने आली, हाताने शिवलेली छोटी वाकळ घेऊन. बायका आत पाळण्याभोवती जमल्या होत्या. आत्या ओसरीवर चपलांशेजारी बसली आणि वाकळ माझ्याकडे दिली. "तू नेऊन दे. मी हितंच बरी." आई तिला आत बोलवायला आली नाही. दादा मात्र पाळणा सोडून दोनदा दारापर्यंत आला, आत्या कुठे आहे विचारत. तेव्हासुद्धा मला ते थोडं टोचलंच.

वाकळ हातात घेऊन मी उंबऱ्यात उभी राहिले. आतल्या बायका गाणं थांबवून माझ्याकडे पाहू लागल्या. इतक्या लोकांसमोर मी कधी बोलत नाही.

"आत्या, तुझ्या सावलीने काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "त्या दिवशी पडदा मी उचलला होता. पिलांना हात मी लावला होता. ऊठ, बाळाला तूच घे."