निळ्या पेटीतली खुर्ची

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुदेश चौलकर सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून एका लाकडी पेटीला निळ्या रंगाचा तिसरा हात देत होते. पेटी सात फुटी, वर दिवा, पुढे दार. अकराच्या मीटिंगमध्ये ती राहणार की भंगारात जाणार, ते ठरायचं होतं.

चौलकर सत्तेचाळीस वर्षांचे. राहतात डोंबिवली पूर्वेला, ठाण्यात एका विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्याचं काम करतात. उरलेल्या वेळात ते एका ब्रिटिश विज्ञानमालिकेचे चाहते असतात. मालिका साठ वर्षांपूर्वी सुरू झाली. तिचा नायक अशाच पेटीतून काळाच्या मागेपुढे फिरतो आणि उतरेल तिथल्या दुबळ्यांना वाचवतो. कुठला भाग कुठल्या साली आला, हे चौलकर झोपेतही सांगतात. लग्नाची तारीख त्यांना बायको, समीक्षा, सांगते.

“या मालिकेनं मला माणुसकी शिकवली,” असं ते ठाकुर्लीच्या चाहता मंडळात दर महिन्याला म्हणतात. मंडळात चौघं आहेत. नायकाचा नट बदलल्यापासून त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

पेटीसमोरच भरलेल्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी विमलाबाई राणे यांनी विचारलं, “चौलकर, हिचा उपयोग काय?”

“उपयोगाची वस्तू नाही ती. प्रतीक आहे.”

“कशाचं?”

“करुणेचं.”

“मग आमच्या तानाजीला बसू दे की आत. चार वर्षं वॉचमनकी करतोय, उन्हात बसून. गेल्या वर्षी केबिनचा विषय निघाला, तेव्हा गाडी वळत नाही म्हणून तुम्हीच नको म्हणालात.”

पेटी नेमकी त्याच जागी उभी होती. तिच्यासाठी चौलकरांची गाडी जानेवारीपासून बाहेर रस्त्यावर असते.

“तिच्यात बसायचं नसतं हो. खिडक्या उघडत नाहीत. मालिकेतल्यासुद्धा उघडत नाहीत.”

“बरं,” मागून समीक्षा म्हणाली, “भंगारवाल्याला फोन मी लावते. नंबर आहे माझ्याकडे.”

चौलकरांनी कागद मागवून अटी लिहिल्या. आत कॅलेंडर चिकटवायचं नाही. दाराला डबा टांगायचा नाही. दिवा रोज पुसायचा. खाली तानाजीचं पूर्ण नाव हवं होतं. ते त्यांनी त्यालाच विचारलं, चार वर्षांत पहिल्यांदा.

“तानाजी बाबू शेलार,” तो म्हणाला. त्यानं प्लास्टिकची खुर्ची आत ढकलून पाहिली. ती बसली, पण तो टेकल्यावर गुडघे दाराबाहेर राहिले. “साहेब, पंख्याचं भोक कुठे पाडू?”

पेटी भोकासकट तानाजीला देण्याचा ठराव आठ विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधातलं मत चौलकरांचं.

उद्या सोमवार. तानाजीची पाळी सातला सुरू होते. भोक पाडायला सुतार साडेनऊला येणार आहे. भोक मागच्याच बाजूला पडतं ना, हे बघायला चौलकरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.