डॉक्टरांच्या खुर्चीचा चौथा पाय

सुतारबाबांनी आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या, आणि इतक्या चांगल्या केल्या की एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा म्हणून फिरकलं नाही. दार कुरकुरेना, खिडकी अडकेना, मग कोण कशाला येईल! "एखादी खोट ठेवत जा हो, माणसं भेटायला तरी येतील," असं बायको चिडवायची. पण बाबांचा हात काही त्या कामाला वळायचा नाही.

म्हातारपणी दोघांनी तळ्याकाठच्या आपल्या घरातल्या वरच्या खोल्या शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. नवल म्हणजे हे गिऱ्हाईक दरवर्षी परत येऊ लागलं. का येतं, यावर घरात एकमत नव्हतं. शहरात राहणारी मुलगी म्हणे, तळ्यामुळे. पण तेच तळं शेजारच्या घरांतूनही दिसायचं, आणि तिथले पाहुणे एकदा फोटो काढून जे जात ते गेलेच. बायकोच्या मते हा तिच्या हाताच्या चवीचा गुण होता. बाबांना मनातून वाटायचं, पलंग. त्यांनी स्वतः केलेला तो पलंग, कितीही कूस बदला, हूं की चूं करत नसे.

बाबांची एक खोड मात्र पाहुण्यांना सोसावी लागे. रिकामा माणूस त्यांना बघवायचा नाही. पहिल्या वर्षी एक दातांचे डॉक्टर त्यांच्या कामाच्या खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभे होते, तर बाबांनी सरळ त्यांच्या हातात रंधा दिला. "बघत काय राहिलात? ओढा!" डॉक्टरांनी ओढला. लाकडाची पातळ, गुंडाळलेली साल निघाली, ती त्यांनी हळूच खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या आधीच येऊन हजर झाले. एक खुर्ची करायला घेतली. सुट्टी संपली, खुर्ची राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग मुख्याध्यापिकाबाईंनी पाखरांसाठी घरटं करायला घेतलं, एका जोडप्याने पुस्तकांची मांडणी. सगळी अर्धी कामं भिंतीवरच्या फळीवर ओळीने बसलेली असायची.

यंदा मुलीने फोनवर स्पष्टच सांगितलं. "बाबा, तुमची दोघांची वयं झाली आता. या मोसमात जुने पाहुणे पुढच्या वर्षीचं पक्कं करून गेले तर ठीक. नाहीतर खोल्या बंद, आणि तुम्ही आमच्याकडे राहायला यायचं."

मुलगी प्रेमानेच बोलत होती, पण बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. तिचं घर चौथ्या मजल्यावर. तिथे एक खिळा ठोकला की खालचे लोक भांडायला वर येणार. करवत तर नावही काढायला नको. बाबांना हे घर सोडायचं नव्हतं, मरेपर्यंत सोडायचं नव्हतं.

पाहुण्यांना असं काहीतरी द्यावं की त्यांनी खूश होऊन परत यावंच, हा किडा त्यांच्या डोक्यात वळवळू लागला. नेमकी तेव्हाच बायको नातवंडं सांभाळायला मुलीकडे गेलेली. अडवायला कुणी नाही. फळीवरची अर्धी कामं तर वर्षानुवर्षं डोळ्यांत खुपत होतीच. बाबांनी बाह्या सरसावल्या आणि थंडीभर बसून सगळीच्या सगळी पूर्ण करून टाकली. डॉक्टरांच्या खुर्चीचा मागचा पाय तर इतका वाकडा होता की तो कोपऱ्यात टाकून त्यांनी नवा केला. वर पॉलिश. स्वतःवरच खूश होती स्वारी.

बायको परतली, तिने फळी पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अहो, काय करून बसलात हे!"

"का? छान झालंय की."

"छान झालंय म्हणूनच म्हणते. आता कशाला येतील ते?"

दारं-खिडक्यांची ती सगळी गिऱ्हाइकं एका क्षणात बाबांच्या डोळ्यांसमोरून गेली. काही सुचायच्या आत बाहेर डॉक्टरांची गाडी थांबली. डॉक्टर सामान न उतरवताच, बाह्या वर करत, थेट कामाच्या खोलीत शिरले आणि खुर्चीपुढे थबकले.

"वा," ते म्हणाले. ताटातला घास कुणी उचलून न्यावा तसा चेहरा झाला होता त्यांचा. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा म्हणाले, "वा. छान."

जेवताना बायकोने विचारलं, "मग पुढच्या वर्षी याच दिवसांत ना?"

"बघू," डॉक्टर म्हणाले. हा शब्द या घरात त्यांनी कधीच काढला नव्हता. बाबांना जेवण गेलं नाही.

सकाळी डॉक्टर तळ्याकाठी नुसते बसून होते. बाबा जवळ जाऊन उभे राहिले.

"डॉक्टर, चुकलंच माझं."

"छे हो, सुरेख झालीय खुर्ची. फक्त तो मागचा पाय…" डॉक्टर जरा लाजले. "वाकडा होता, मान्य आहे. पण मी केला होता हो! येणाऱ्या प्रत्येक पेशंटला त्याच्याबद्दल सांगतो मी. तोंड उघडं असतं त्यांचं, बिचारे ऐकून घेतात."

बाबांना हसू फुटलं आणि जीव भांड्यात पडला. लाकूड फेकून देण्याची त्यांची जात नव्हती. ते डॉक्टरांना हाताला धरून आत घेऊन गेले, कोपऱ्यातला वाकडा पाय त्यांच्या हातात ठेवला आणि मोगरी उचलून आपल्या चोख खुर्चीचे चारही पाय ठोकून मोकळे केले. पहिला घाव घालताना त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटचा घालताना ते शीळ घालत होते. खिडकीतून बायको बघत होती. म्हणाली, "उद्या घरटं, परवा मांडणी. पाहुणे येण्याआधी सगळं उसवून ठेवा!"

डॉक्टरांची सुट्टी संपली तेव्हा तीन पाय बसले होते. वाकडा चौथा फळीवर ठेवून ते म्हणाले, "याला हात लावायचा नाही हं, बाबा."

"लावणार नाही," बाबा म्हणाले. पण स्वतःला ते चांगले ओळखून होते. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. "थंडीत मी कितीही मागितली तरी देऊ नकोस."

मोसम संपल्यावर मुलीचा फोन आला. "काय बाबा, कोण कोण परत येतंय?"

"सगळेच," बाबा खुशीत म्हणाले. "एकाचंही काम पूर्ण होऊ दिलेलं नाही."