कडुनिंबाकडचा खांब

आमच्या फुटबॉल क्लबचे जगात दोनच चाहते उरले आहेत, आणि त्यांतला एक पुण्याला राहतो. दुसरा मी. मी आखाडा बाळापुरात असतो. जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. क्लब बंद पडून चाळीसेक वर्षं झाली. ज्यांनी तो पाहिला त्यांतले बरेच गेले, उरलेल्यांना आठवत नाही, आणि तरुणांना सांगायला गेलं की ते मोबाइलमधून मान वर न काढता "हो का काका" म्हणतात. मला त्या "हो का"चा भयंकर राग येतो.

पुण्याला आहे तो माझा लहानपणापासूनचा दोस्त. इथे बाजारात त्याचं शिलाईचं दुकान होतं. क्लबच्या अकराही जर्स्या त्यानेच शिवल्या, पाठीवरचे आकडे पांढऱ्या पॉपलिनचे कापून लावले. आम्ही दोघेही कधी खेळलो नाही. त्याचा एक पाय अधू, आणि माझ्यात दम नव्हता. मैदान झाडणं, पाणी भरणं, रेघा मारणं ही कामं माझ्याकडे, कपड्यांचं सगळं त्याच्याकडे. खेळाडू येत-जात राहिले, आम्ही दोघे तेच.

मैदानाला तो स्टेडियम म्हणायचा, आणि हसायचा नाही. एका अंगाला कालव्याचा बांध, ती गॅलरी. दुसऱ्या अंगाला एक कडुनिंब, ते पाहुण्या संघाचं कपडे बदलायचं ठिकाण. दोन्ही टोकांना सागवानी बल्ल्यांचे खांब. हळदीच्या दिवसांत मैदानावर शिजवलेली हळद वाळत पडायची, तेव्हा खेळ बंद. हळद उचलली की आम्ही उतरायचो, आणि पहिले आठ दिवस सगळ्यांच्या पोटऱ्या नवरदेवासारख्या पिवळ्या. बाहेरगावचे संघ आम्हाला त्यावरून चिडवायचे. आम्हाला ते आवडायचं.

मी निवृत्त झाल्यावर आणि त्याची नजर कमी होऊन दुकान सुटल्यावर आम्ही रोज संध्याकाळी त्या बांधावर जाऊन बसू लागलो. मैदान आता निम्मं उरलंय, अर्ध्यात गाळे झालेत. पण बसल्या जागेवरून आम्ही सगळा क्लब पुन्हा उभा करायचो. डाव्या बाजूने पळणारा धनगराचा पोरगा, जो मध्यंतरात शेरडं मोजून यायचा आणि तसाच अनवाणी पुन्हा खेळायला उभा राहायचा. आमचा गोलकीपर, जो पुढे सरकारी दवाखान्यात नोकरीला लागला आणि तिथेही, म्हणतात, हातातून काही सांडू द्यायचा नाही. शेवटी गाडी ठरलेल्या जागी येऊन थांबायची. तो गोल झाला होता की नव्हता?

ही गोष्ट आमच्या मैदानावरच्या शेवटच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याची. समोर नांदेडकडचा संघ. बरोबरी चाललेली. आमच्या पुढच्या खेळाडूने मारलेला चेंडू कडुनिंबाकडच्या खांबाच्या आतल्या अंगाला आदळला, खाली पडला आणि त्यांच्या गोलकीपरने तो झडप घालून बाहेर ओढला. रेफ्री पळत आला. त्याने चेंडू उचलून सगळ्यांना दाखवला. चेंडूला राख लागली होती. त्या दिवशी रेघांची पांढरी फक्की संपली होती म्हणून मी हळदीच्या भट्टीतल्या राखेने रेघा मारल्या होत्या. राख लागली म्हणजे चेंडू रेघेवरच पडला, पूर्ण पलीकडे गेला नाही, म्हणून गोल नाही. शेवटी शेवटी त्यांनी एक गोल केला आणि आम्ही हरलो. त्यानंतर वर्गणी द्यायला कोणी तयार होईना, आणि पुढच्या हळदीनंतर मैदानात कोणी उतरलंच नाही.

माझा दोस्त त्या वेळी बांधावर नेमका खांबांच्या सरळीत बसला होता. या खांबापासून त्या खांबापर्यंतचं त्याला एका नजरेत दिसत होतं. तो म्हणायचा, चेंडू आत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. मी म्हणायचो, मग राख कुठून लागली? यावर तो चिडायचा. मी गोलच्या मागे उभा होतो, त्यामुळे मीही साक्षीदार. असं कित्येक वर्षं चाललं. माझी बायको असेपर्यंत म्हणायची, तुम्हाला दुसरा विषयच नाही. नव्हताच.

ती गेल्यावर तर घरात बोलायलाच कोणी उरलं नाही. मग दोस्ताचा मुलगा त्यालाही पुण्याला घेऊन गेला. बरोबरच होतं, डोळ्यांचे इलाज तिथे होणार. मी बसमध्ये त्याला खिडकीची जागा धरून दिली, सवयीने बॅग वर ठेवली, आणि गाडी सुटल्यावर इतका मोकळा झालो की कुठे जावं ते कळेना. बांधावर गेलो. तिथे बसून मला पहिल्यांदा समजलं की एकट्या माणसाला भांडता येत नाही.

मग दर रविवारी दुपारी चार वाजता त्याचा फोन येऊ लागला. सुरुवातीला चांगलं चाललं. राख, खांब, रेफ्री, सगळं व्हायचं. हळूहळू त्याचा आवाज उतरत गेला. सोसायटीतली पोरं परदेशातल्या क्लबांची नावं घेतात, तिथल्या जुन्या खेळाडूंच्या पिढ्या त्यांना पाठ आहेत, स्टेडियममध्ये किती माणसं मावतात तेही ठाऊक आहे, असं तो सांगायचा. त्याने एकदा त्यांना आपल्या क्लबबद्दल सांगितलं. त्यांनी मोबाइलवर शोधून पाहिलं. काहीच सापडलं नाही. त्यांनी त्याला उलट काही म्हटलं नाही, त्यांच्यातच असलेल्या त्याच्या नातवाने फक्त विषय बदलला.

या फाल्गुनातल्या एका रविवारी त्याने फोन केला आणि तब्येत विचारली. 

"गड्या," तो म्हणाला, "मला आता वाटून राहिलं, गोल झालाच नसंल. माह्या डोळ्यांचं काय खरं? तूच बराबर असशील."

मी जिंकलो होतो.  पण गोल झाला होता.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्या सकाळी त्याने दुकानातून मला दोऱ्याचं रीळ दिलं होतं, रेघ सरळ यावी म्हणून. स्वतः मात्र आकडे शिवत बसला होता. मी एकटाच मैदानावर गेलो. दोरा धरायला दुसरा माणूस नाही म्हणून मी रीळ खिशातच ठेवलं आणि अंदाजाने राख टाकत निघालो. हंगाम संपला म्हणून आदल्या दिवशी कडुनिंबाकडच्या खांबाजवळ हळद शिजवायची कढई धुतली होती. तिथे पिवळ्या पाण्याचं डबकं होतं. राख ओल्यात टिकेना, म्हणून मी डबक्याला मागून वळसा घातला. दुपारपर्यंत डबकं वाळून गेलं, आणि वीतभर मागे गेलेली रेघ तेवढी राहिली. मला ती दिसली होती. मी म्हटलं, कोण बघतंय. चेंडू खांबांच्या पूर्ण आत पडला होता आणि माझ्या वाकड्या रेघेवर पडला होता. रेफ्रीने राख पाहिली, दोस्ताने खांब पाहिले. दोघेही खरे होते, खोटा मी एकटा. त्या रिळाने पुढे दोन वर्षं माझ्या खाकी शर्टाची बटणं शिवली गेली, आणि क्लब बुडाला.

आणि इतकी वर्षं मी "राख कुठून लागली" म्हणून त्यालाच गप्प करत आलो होतो.

मी फोनवर सगळं सांगितलं.  शेवटी तो म्हणाला, "आन् रीळ?"

"बटणाला वापरलं."

"खांबाला बांधायचा व्हता ना दोरा. दुसरा माणूस काहून लागतो?"

 त्याने फोन ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी लावला तर सून म्हणाली, बाबा झोपलेत. दुपारी चारला तो कधी झोपत नाही. मला भीती वाटली, की होता तोही माणूस मी हाताने घालवला. मधल्या एका दिवशी बसने वारंगा फाट्याला गेलो. ज्याने तो चेंडू मारला होता त्याचं तिथे टायरचं दुकान आहे. म्हटलं, निदान याला तरी सांगावं की बाबा, तुझा गोल होता. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हय का? मारला असंल गड्या. माह्या ध्यानात न्हाई." मग एक ट्रक आला आणि तो जॅक घेऊन उठला. चहा संपवून मी परत आलो. येताना बसमध्ये जागा होती तरी दारापाशी उभा राहिलो.

तिसऱ्या रविवारी मी बांधावर बसलो होतो. समोर उरलेल्या मैदानात हळद वाळत घातलेली. कडुनिंबाकडचा खांब कधीच गेलाय, पण जागा मला माहीत आहे. चार वाजून गेल्यावर फोन वाजला. त्याने नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"रेघ किती मागं गेली व्हती?"

"वीतभर," मी म्हटलं.

"वीत न्हाई. दीड वीत. चेंडू तेवढा आत पडला व्हता, मी वरून पाहून राहिलो व्हतो."

"अरे, रेघ मी मारली, का तू?"

"मारली तू. चेंडू पाहिला मी." आवाज पूर्वीसारखा चढला होता. "तुला काय ठाव, तू तर खाली मान घालून राख टाकून राहिला व्हता."

मी म्हटलं, वीतभरच. तो म्हणाला, दीड. मी उठून हळदीच्या कडेने चालत खांबाच्या जागेपर्यंत गेलो आणि उकिडवा बसून जमिनीवर वीत मोजून पाहिली, जसं काही तिथे अजून राख होती. तो तिकडून विचारत होता, मोजलीस का, बराबर मोज. अर्धा तास आम्ही भांडलो. मग त्याला सुनेने चहाला हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी तिथेच बसून राहिलो. हळद राखणारी बाई दुरून माझ्याकडे बघत होती, म्हातारा काय शोधतोय म्हणून. रविवारला अजून सात दिवस होते.