यादी सरली तं

"वाच. मोठ्यानं वाच," सर म्हणाले.

मी उभी राहिले. हातात प्रॅक्टिकलची वही. लॅबमध्ये अख्खा वर्ग. मी वाचलं, "यादीतलं पह्यलं नाव घे. आपल्याले पायजे तेच हाये का पाहाय. असन तं थांब. नसन तं फुडचं घे. यादी सरली तं सांग, नाही सापडलं."

वर्ग हसला. मागून कुणीतरी "पाहाय, पाहाय" केलं. सरांनी थांबवलं नाही. तेही हसत होते.

तो स्यूडोकोड होता. प्रोग्रॅम लिहिण्याआधी त्याच्या पायऱ्या साध्या बोलीत कागदावर मांडायच्या, तो. कोणत्याही भाषेत लिहा, असं सरांनीच पहिल्या तासाला सांगितलं होतं. मी खरं मानलं. माझी चूक एवढीच.

माझ्याकडे लॅपटॉप नाही. लॅबच्या एका मशीनवर आम्ही तिघी. कागदावर नीट मांडलेलं नसलं की आपली पाळी वाया जाते. आणि ही सवय घरातलीच. माझे अब्बा मलकापुरात कापूस पिंजून गाद्या भरतात. कापड जमिनीवर अंथरून आधी खडूनं सगळी गादी आखतात, टाके कुठे पडणार तेसुद्धा. कात्री नंतर. खडू चुकला तर झटकता येतो. घरी आमची हिंदी, गल्लीत आणि शाळेत वऱ्हाडी. वहीत वऱ्हाडी उतरली.

सरांनी पानावर लाल काट मारली. "ही बाजारातली भाषा. कॉम्प्युटरला हिचं काय करायचं? तुमच्याकडे गाद्या भरतात ना? तेच कर."

मी खाली बसले. कान तापले होते. ह्यांना गाद्यांचं कुणी सांगितलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग आठवलं, अॅडमिशनच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय मीच लिहिला होता. चांगल्या अक्षरात.

नंतर सरांनी पुढच्या बाकावरच्या मुलाचा कोड सगळ्यांना दाखवला. कागदावर काहीच न मांडता कुठून तरी उचललेला. यादीत नसलेलं नाव टाकल्याबरोबर प्रोग्रॅम अडकून बसला, कारण यादी संपल्यावर काय करायचं ते त्यात नव्हतंच. सर म्हणाले, किरकोळ आहे. त्याला सही मिळाली. मला सांगितलं, हाच कोड उतरवून आण, तर सही.

सही नाही तर परीक्षा नाही. इकडे चाचांनी माझ्यासाठी शेगावचं स्थळ आणून ठेवलेलं. हे वर्ष पास झालीस तरच मी तुझ्या चाचाला थोपवू शकतो, असं अब्बा म्हणाले होते.

घरी येऊन मी उतरवायला बसले. शेवटाशी आले आणि हात चालेना. चुकीचं आहे हे माहीत असून लिहीत होते. रडले. खूप रडले. अब्बांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "लिख दे, बेटा. साइन मिल जाएगी."

ते मला सरांच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. जन्मभर गिऱ्हाइकासमोर मान खाली घातलेला माणूस दुसरं काय सांगणार? मी ते पान फाडलं. माझंच पुन्हा लिहिलं, वऱ्हाडीत, जसंच्या तसं. खाली त्यावरून केलेला कोड.

दुसऱ्या दिवशी सरांसमोर वही ठेवली. "सर, चालवून पाहा. यादीत नसलेलं नाव टाका." त्यांनी वही न उघडता परत सरकवली.

परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लागली. मी बोट ठेवत गेले. पहिलं नाव. मी नाही. पुढचं. मी नाही. बोट कागदाच्या खाली भिंतीवर आलं. यादी सरली. का नाही, कुणामुळे नाही, एक ओळ नव्हती.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, घरी जा, पुढच्या वर्षी बघू. मी बोलले, आणि मुद्दाम वऱ्हाडीत बोलले. "माह्यं नाव काऊन नाही, ते लिहून द्या. त्याबिगर मी हालत नाही."

शिपायानं बाहेर काढलं. परीक्षा झाली. चाचा शेगावला बोलणी करून आले. कागद अजून मिळालेला नाही. कॉलेज उघडलं की मी वही घेऊन विभागप्रमुखांच्या टेबलासमोर उभी राहते. उद्याही राहणार. ती ओळ त्यांच्या हातानं लिहून घेतल्याशिवाय मी कुठेच जाणार नाही. शेगावलाही नाही.