‘लिटल’ आणि ‘अ लिटल’

लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा मला बाराखडीही धड येत नव्हती. आमचे यजमान कल्याण स्टेशनात कारकून होते. शनिवारी घरी येत आणि रविवारी दुपारी माडीवर मला शिकवीत. मराठी वाचू लागले, तसं इंग्रजी सुरू झालं. सासूबाईंना हे रुचत नसे, म्हणून माझ्या थोरल्या नणंदबाई जिन्याच्या तोंडाशी तांदूळ निवडत पहारा करीत. त्या बालविधवा. कुणाची चाहूल लागली की मोठ्यानं खोकत.

एकदा ‘लिटल’ शब्द आला.

“म्हणजे थोडं,” मी म्हटलं.

“तसं नाही. नुसतं लिटल म्हणजे नसल्यातच जमा. आधी ‘अ’ आला की थोडं का होईना, पण आहे. लिटल मिल्क म्हणजे दूध संपलंच म्हण. अ लिटल मिल्क म्हणजे विरजणापुरतं आहे.”

“अगं बाई! एवढ्याशा ‘अ’नं दूध येतं?” वन्संनी जिन्यावरून विचारलं. आम्हाला हसू आवरेना.

पुढं पावसाळा सरता सरता वन्सं तापानं आडव्या झाल्या. वैद्यांचे काढे झाले, ताप हटेना. मामंजी कचेरीत नोकरीला. त्यांनी कुणाकुणाला विनवून गोऱ्या डॉक्टरांना घरी आणलं. साहेबांनी नाडी पाहिली, औषधाची बाटली दिली आणि ओटीवर आले. मामंजींनी कामापुरत्या इंग्रजीत आशा आहे का, असं विचारलं. मी दाराआड उभी होते. साहेब म्हणाले, “देअर इज अ लिटल होप,” आणि टांग्यात बसून गेले.

मामंजी मटकन खाली बसले.

“साहेबांनी आशा सोडली. आता औषधं पाजून तिला छळू नका. गंगोदक काढा.”

सासूबाई बाटली हातात घेऊन तशाच थिजल्या. मामंजींशी मी तोवर कधी शब्द बोलले नव्हते. सासूबाईंकडेच तोंड करून म्हटलं, “साहेब ‘अ लिटल’ म्हणाले. थोडी आहे, पण आशा आहे.”

“काय म्हणते ती?” मामंजींनी वर पाहिलं. आता ओरडतील असं वाटलं. पण त्यांनी हळूच विचारलं,

“नीट ऐकलंस, पोरी?”

“हो.”

“मला ‘लिटल’ तेवढंच ऐकू आलं गं,” म्हणत त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

मी इंग्रजी कुठं शिकले, हे सासूबाईंनी विचारलं नाही. “चमचा आण,” एवढंच म्हणाल्या.

ताप हळूहळू उतरला. वन्संना इतका अशक्तपणा आला होता की हात उचलवेना. तेव्हा कचेरीतून आले की मामंजी स्वतः वाटीत पेज घेऊन त्यांच्या उशाशी बसत.

“बाबा, मी काय कुकुलं बाळ आहे?” वन्सं लाजून म्हणत.

“असू दे. उघड तोंड.”